रवळनाथाचा कौल आणि ओरोसची मुदत

भाई तोंडवळकरांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं : गाडी उभी होती. आता उभी गाडी कुणाला जाऊन धडकल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? झाड उठून कुणाला आपटतं? देवळाची दीपमाळ कुणाच्या अंगावर धावून जाते? मग हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून, गडग्याला चिकटून उभी असलेली भाईंची लाल गाडी बाबली मेस्त्रीच्या टेम्पोवर जाऊन आदळेलच कशी? हा प्रश्न भाईंनी बायकोला विचारला, शेजाऱ्याला विचारला, मासे घेऊन येणाऱ्या बाईलाही विचारला. तिनं बिचारीनं घाबरून दोन बांगडे जास्त घातले.

पंचाईत एवढीच होती की बाबली मेस्त्रीचंही म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं : टेम्पो उभा होता.

म्हणजे दोन उभ्या गाड्यांची टक्कर झाली. अशी टक्कर आमच्या बांदवाडीतच होऊ शकते. धामापूरच्या रस्त्यावरून वाडीत जी पाणंद वळते ती दीड गाडीच्या रुंदीची, आणि दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. समोरासमोर गाड्या आल्या की एकानं मागे जायचं. कुणी जायचं? ज्याच्यात कमीपणा घ्यायची ताकद आहे त्यानं. दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी ती ताकद दोघांपैकी एकाकडेही नव्हती. "बाबल्या, मागे घे." "भाईनू, तुमी घेवा, तुमची ल्हान गाडी." असं चार-सहा वेळा झाल्यावर बाबलीनं विडी पेटवली आणि भाईंनी पेपर उघडला. त्यानंतर कधीतरी काडकन आवाज आला. भाईंचा डावा दिवा फुटला, बंपर लोंबला. बाबलीच्या टेम्पोचा मडगार्ड आत गेला. साक्षीदार म्हणाल तर रुक्मिणीकाकी. ती पलीकडच्या भाताच्या कुणग्यात गवत कापत होती. तिची साक्ष अशी : "आवाज आयकलंय. बगितलंय काय नाय. पन दोगय मेले हट्टी."

आता एक दिवा आणि एक बंपर, त्यात एवढं काय, असं तुम्हांला वाटेल. भाईंच्या बायकोला, सावित्रीवहिनींनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी घरातला सुंभ काढला, बंपर घट्ट बांधून दिला आणि म्हणाल्या, "झाला. आता गप रवा." पण त्याच संध्याकाळी ठाण्याहून कौस्तुभचा फोन आला. मुलगा गुणी, पण फोनवर फार शहाणपणानं बोलतो. "बाबा, मी आधीच सांगत होतो. या वयात गाडी नको. चूक तुमची असेल तर मे महिन्यात आम्ही येऊ तेव्हा गाडी मी घेऊन जाणार."

हे भाईंच्या काळजात घुसलं. उभा जन्म त्यांनी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढला. कुडाळची गाडी सोड, देवगडची लाव, कणकवलीची अजून का आली नाही ते बघ. हजारो गाड्या त्यांनी शिट्टी फुंकून जगभर पाठवल्या आणि स्वतः त्याच खिडकीत बसून राहिले. निवृत्त झाल्यावर, सगळ्या वाडीनं हसून घेतल्यावरही, ते गाडी शिकले. मग काय विचारता! मनात आलं की कुणकेश्वर. मनात आलं की मालवणात मासे. वहिनींना माहेरी जायचं तर वहिनी पिशवी भरायच्या आधी भाई गाडीत. जन्मात पहिल्यांदा माणूस दुसऱ्याच्या वेळापत्रकाशिवाय हिंडत होता. ती गाडी आता चिरंजीव घेऊन जाणार, का तर चूक बापाची!

"चूक माझी नाही," भाई फोनवर ओरडले. "आणि ते मी सिद्ध करून दाखवीन."

सिद्ध करायचं म्हटल्यावर सल्ला द्यायला शेजारी लागतोच. तो जितेंद्रच्या रूपानं तयार होता. जितेंद्र शेजारच्या घरात पर्यटकांना खोल्या देतो. रोज नवी माणसं भेटत असल्यामुळे त्याला सगळ्या विषयांतलं थोडं थोडं कळतं, आणि हे सर्वांत वाईट. तो म्हणाला, "भाईकाका, पयलो फोन विम्यावाल्यांका करा." भाईंनी केला. एक दाबा, दोन दाबा, मग बराच वेळ सनई ऐका, असं करत करत एक मुलगी बोलायला लागली.

"अपघाताच्या वेळी आपल्या वाहनाचा वेग किती होता सर?"

"शून्य."

"आणि समोरच्या वाहनाचा?"

"तो म्हणतो, शून्य."

"मग अपघात कसा झाला सर?"

"तेच विचारायला फोन केलाय ना!"

मुलीनं काहीतरी टाइप करून बघितलं. मग म्हणाली, आमच्याकडे शून्य टाकलं की पुढचं पान उघडत नाही, निदान दहा तरी सांगा. भाई म्हणाले, उभ्या माणसाला दहानं धावायला लावणाऱ्या विम्याशी मला बोलायचं नाही. आणि फोन ठेवला. जितेंद्रनं कपाळावर हात मारला. पण भाईंचं बरोबर होतं असं माझंही मत आहे. तुमचं पान उघडत नाही म्हणून सत्यानं काय गिअर बदलायचा?

पोलिसात जायचं ठरत होतं, तेवढ्यात देवस्थानचे मानकरी आप्पा गावकर काठी टेकीत आले. "वाडयेतली गोष्ट पोलिसात कित्याक? आपलो देव काय झोपलो आसा? रवळनाथाक गाऱ्हाणा घालूया. कौल देयत तो खरो." बाबली लगेच तयार. मग भाईंना माघार घेणं शक्यच नव्हतं. देवाला नको म्हणाले तर वाडी म्हणणार, ह्येंचीच चूक दिसता.

पुढच्याच सोमवारी सगळी वाडी देवळात जमली. आप्पांनी हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्यो वसंत तोंडवळकर आनि ह्यो बाबली मेस्त्री, दोगय तुझीच लेकरां. पाणंदीत ह्येंच्या गाडयेंची जी काय टक्कर झाली आसा, तेचो खरो-खोटो निवाडो तू कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली. "तवसर ह्येतलो एकव जाण पोलिसात नाय, कोर्टात नाय, तुझ्या पायरेचो शबूद मोडूचो नाय रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" ह्या दुसऱ्या 'व्हय म्हाराजा'त भाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पायरीवर हात ठेवून त्यांनी शब्द दिला. आपण कशावर हात ठेवतोय हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

कारण देवाकडेही तारखा पडतात.

कौल लावायचा त्याच आठवड्यात गावात सुतक पडलं. देऊळ बंद. सुतक फिटलं तर जत्रा तोंडावर आली. जत्रेत दुकानं, दशावतार, ओट्या, नवस. त्या गर्दीत बंपरचा विषय कोण काढणार? जत्रा झाल्यावर गुरवाच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. आता कौलासाठी देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून हे ज्याला दिसायचं त्यालाच दिसेना, तर कौल कसला? तो मुंबईला लेकीकडे जाऊन ऑपरेशन करून, काळा चष्मा लावून परत येईपर्यंत शिमगा. शिमग्यात देव पालखीत बसून घरोघर हिंडतो. आप्पा म्हणाले, "फिरत्या देवाक कौल लागना नाय." पालखी भाईंच्या खळ्यात आली तेव्हा भाईंनी मुद्दाम गाडी फुटका दिवा पुढे करून उभी केली होती. देवानं बघितलं असेल तर बघितलं असेल, त्यानं काही दाखवलं नाही. वहिनींनी ओटी भरली, नारळ दिला, आणि पालखी पुढे गेली.

मधल्या काळात कौस्तुभ दर रविवारी विचारी, "काय ठरलं?" भाई म्हणत, "देवाकडे आहे." कौस्तुभ म्हणे, "ठीक, मे महिन्यात बघू." त्याच्या त्या 'बघू'नं भाईंचा रविवारचा जेवणातला रस जाई.

पाडव्याला सावित्रीवहिनींची भाची भक्ती जेवायला आली. ही ओरोसला, जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करते. पोरगी हुशार, बोलायला फटकळ. श्रीखंड वाढता वाढता भाईंनी आपली कहाणी सांगितली. तिची पुरी हातातच राहिली.

"काका, अपघात कधी झाला?"

"दसऱ्यानंतर."

"आणि दावा कधी घातला?"

"तेव्हाच की. देवाकडे."

"कोर्टात?"

"एकदा देवाकडे घातल्यावर कोर्टात कशाला?"

भक्तीनं पुरी ठेवली. "काका, अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत घालावा लागतो. पूर्वी अशी मुदत नव्हती, आता कायद्यात आली आहे. ती संपली की पुढे उशीर का झाला त्याची उत्तरं देत बसायचं."

"पण मध्ये सुतक होतं."

"ते दिवस वजा होत नाहीत."

"जत्रा?"

"नाही."

"गुरवाचं ऑपरेशन?"

"काका, रवळनाथाकडे घालवलेला एकही दिवस ओरोसला वजा होत नाही."

भाईंचा चेहरा बघवेना. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाची स्वतःची मुदत चालली होती आणि त्याला पत्ता नव्हता! भक्तीनं तारीख मोजली. एका शुक्रवारी सहा महिने पुरे होत होते. आणि आप्पांनी कौल ठरवला होता त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी.

"कौल जाऊ दे, उद्याच चला," भक्ती म्हणाली.

"शब्द दिलाय पायरीवर," भाई म्हणाले. "गुरुवारी कौल होईपर्यंत मी ओरोसची वाट धरणार नाही. शुक्रवारी बघू."

"आणि काका, खरं सांगू? केस कमजोर आहे. पोलिसात नोंद नाही, फोटो नाही, साक्षीदार म्हणते दोघंही हट्टी. मिळणार तरी काय?"

"मला मिळायला काही नको. गाडी उभी होती एवढं सरकारी शिक्क्यानं कागदावर हवं. कमजोर केस मुदतीत घालायला कायद्याची ना नाही ना?"

"ना नाही."

"मग तू कागद तयार ठेव."

गुरुवारी देऊळ खच्चून भरलं. मुदतीची गोष्ट एव्हाना जितेंद्रच्या तोंडून वाडीभर झाली होती. बाबलीनंही कुणाला तरी विचारलं होतं, त्यामुळे तोही घामाघूम. गुरवानं काळा चष्मा काढला, डोळ्यांना पाणी लावलं आणि देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर भाई खरे, डावी पडली तर बाबली. सगळे टक लावून बसले. पाकळ्या हलेनात. कुणी खोकलं की दहा जण त्याच्याकडे डोळे वटारून बघत. वहिनी डोळे मिटून पुटपुटत होत्या. भाईंच्या डोळ्यांपुढे कौस्तुभचा तो 'बघू' उभा होता.

आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

गुरव आप्पांकडे बघू लागला, आप्पा गुरवाकडे. मग आप्पांनी घसा साफ केला. "देवान निवाडो दिल्यान. दोगांचीव चूक. अर्दी अर्दी." वाडीचा जीव भांड्यात पडला. कुणाचं मन मोडलं नाही, कुणी जिंकलं नाही, असा निकाल वाडीला फार आवडतो. कुणी नारळ फोडायला कोयता शोधू लागलं.

"थांबा," भाई म्हणाले.

ते उठले, देवाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "देवा म्हाराजा, तुका मी जन्मभर हात जोडलंय, आताव जोडतंय. पन अर्दी चूक मी घेवचंय नाय. अर्दी चूक म्हणजे माझ्या झिलाक पुरी चूक. तो माझी गाडी नेतलो. त्या दिसा पाणंदीत मी होतंय, तू नाय होतंस!"

गुरवाच्या हातातली पळी खाली पडली. देवळात टाचणी पडली तर ऐकू आली असती, पळीनं तर घंटेसारखा आवाज केला. देवासमोर असं कुणी बोललं नव्हतं. आता काय होतं, ह्या धास्तीनं सगळे देवाकडे बघू लागले. आणि तेवढ्यात, बायकांच्या बाजूनं, स्पष्ट आवाज आला : "व्हय म्हाराजा!"

सावित्रीवहिनी होत्या. डोळे अजून मिटलेलेच, पण हात जोडलेले. भाईंनी वळून बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात वहिनींनी त्यांच्या म्हणण्याला चारचौघांत दुजोरा दिल्याची ही पहिलीच वेळ. भाईंना भरून आलं, ते लपवायला त्यांनी उगाच कोट झटकल्यासारखा सदरा झटकला.

"माकाव अर्दी नको!" पाठीमागून बाबली ओरडला. "माझो टेम्पो उभो होतो!" सहा महिन्यांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. आप्पा काठी आपटत म्हणाले, "मेल्यानू, मग जावा खंय ता!" आणि शब्द मोकळा झाला.

शुक्रवारी सकाळी भाईंनी गाडी काढली. बंपरला नवा सुंभ बांधला. मागच्या सीटवर वहिनी, हातात घावण्यांचा डबा. फाट्यावर आले तर स्टॉपवर इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत पिशवी धरून बाबली उभा. टेम्पो त्याचा आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला गेलेला. एसटी नुकतीच निघून गेलेली, तो धावत येईपर्यंत. पुढची गाडी येईस्तोवर ओरोसचं कामकाज आटोपणार. भाईंनी तोंड फिरवून गाडी पुढे काढली.

"थांबवा," वहिनी म्हणाल्या.

"अगो, मी ह्या मेल्यावर केस घालूक चललंय!"

"तोव तुमच्यावर घालूक चललो आसा. मुदत तेचीव आजच आसा."

भाईंनी आरशात बघितलं. स्टॉपवर एकटा माणूस, गेलेल्या गाडीच्या वाटेकडे बघत. हे दृश्य त्यांनी जन्मभर खिडकीतून बघितलं होतं आणि कधी काही करू शकले नव्हते. आणि मुदत चुकवून जिंकणं म्हणजे काय जिंकणं? हरवायचंच तर समोर उभं करून हरवायचं! त्यांनी गाडी सरळ रिव्हर्स घेतली, दरवाजा उघडला आणि म्हणाले, "बस. पन बोलूचा नाय."

बाबली बोलला नाही, पण त्याचे पाय बोलत होते. प्रत्येक वळणावर तो नसलेला ब्रेक दाबत होता. गुरं आडवी आली तर त्यानं डॅशबोर्ड धरला. ट्रक समोर आला तर डोळे मिटले. भाई मात्र जन्मात चालवली नव्हती अशी गाडी चालवत होते. हात दाखवून वळत होते, हॉर्न वाजवून विचारत होते, शाळेपाशी हळू घेत होते. मागून वहिनींनी अर्धं घावणं पुढे केलं. बाबलीनं ते एका हातानं घेतलं, दुसरा हात डॅशबोर्डवरच ठेवला.

ओरोसला भक्ती कागद घेऊन वाटच बघत होती. ती दोघांची वकील होऊ शकत नाही म्हणून बाबलीसाठी तिनं आपली मैत्रीण अनुजा हिला उभं केलं. अनुजानं घाईघाईत बाबलीचा दावा लिहिला. दोन्ही अर्ज एकदम टेबलावर आले तेव्हा तिथल्या कारकुनानं चष्मा वर केला.

"एकच अपघात? आणि दोघेही शेवटच्या दिवशी?"

"हो साहेब," दोघे एकदम म्हणाले.

"आलात कसे?"

"एकाच गाडीतून," वहिनी म्हणाल्या.

भाईंची नजर बाबलीच्या अर्जावर गेली. त्यात लिहिलं होतं : सदर जाबदार यांस वाहन चालविण्याचे पुरेसे ज्ञान नाही. भाई ताठ उभे राहिले. "साहेब, हा माणूस लिहून देतो की मला गाडी चालवता येत नाही. आणि आज हाच माणूस माझ्या गाडीतून, माझ्या शेजारी बसून, घावणं खात आला. विचारा त्याला!"

कारकुनानं बाबलीकडे बघितलं. बाबली मान खाली घालून म्हणाला, "ता वकिलान लिवलां, सायबानू. गाडी तशी बरी चालवतत."

अनुजानं डोक्याला हात लावला. पण बाबली अडून बसला. "ता वाक्य खोडा. टेम्पो माझो उभो होतो, ता रवां दे. पन खोटा मी लिवन देवचंय नाय." वाक्य खोडलं गेलं. त्याच्या खाली बाबलीनं सही केली, आणि दोन्ही अर्जांवर त्याच दिवसाचे शिक्के बसले. मुदत पाळली गेली होती.

"आता निकाल केव्हा?" भाईंनी विचारलं.

"ते सांगता येत नाही," कारकून म्हणाला.

"पण त्याला काही मुदत असेल ना? सहा महिने?"

"दावा घालायला मुदत, काका. निकालाला नाही. वर्ष लागेल, चार लागतील."

बाहेर पडताना भक्ती म्हणाली, "आणि हो काका, वकील म्हणून सांगते, केस चालू आहे तोवर गाडी विकायची नाही, जिल्ह्याबाहेर न्यायची नाही. कोर्टानं बघायला मागितली तर हजर करावी लागेल. पुरावा आहे ती."

भाई जागीच थांबले. "परत सांग."

तिनं परत सांगितलं. भाईंनी लगेच खिशातून फोन काढला आणि शुक्रवार असूनही, ऑफिसची वेळ असूनही, कौस्तुभला लावला.

"काय झालं बाबा? चूक कुणाची ठरली?"

"ठरायची आहे. तोवर गाडी कोर्टाच्या कामात आहे. तिला जिल्ह्याबाहेर न्यायची सोय नाही. वकीलबाई इथंच आहेत, विचार हवं तर."

"पण बाबा, हे किती दिवस चालणार?"

"कितीही चालू दे. प्रत्येक तारखेला मी गाडी घेऊन हजर राहीन." तिकडे बाबली गाडीचं दार उघडून आधीच आत जाऊन बसला होता. "बाबलीलाही आणीन. तू ये मे महिन्यात, खुशाल ये. गाडी मिळायची नाही. आंबे घेऊन जा."